साइड पोस्टिंगचे मास्तर



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, थेंब घालण्याचे दिवस संपले आणि सौ.ने संगणकापुढे बसायची परवानगी दिली. पण हे काही लिहिण्याचे खरे कारण नव्हे. खरे कारण राग. राग आल्याशिवाय माझ्या हातून लेख पुरा होत नाही, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच.

झाले असे. माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. पोलीस खात्यातून निवृत्त झाला म्हणून. नाव लिहू नका म्हणाला, तेव्हा त्याला इथे नुसते 'उस्ताद' म्हणतो. प्रशिक्षण केंद्रातली पोरे त्याला हेच म्हणत. नोकरीची शेवटची वीस वर्षे त्याने एका केंद्रात भरती झालेल्या मुलामुलींना हत्यार चालवायला शिकवले. त्याच वेळी माझा पुतण्या घरी आलेला होता. त्याने चौकशी केली, "कुठल्या स्टेशनला होता तुम्ही?" उस्तादाने सांगितले. त्यावर आमचे चिरंजीव म्हणाले, "अरेरे! म्हणजे सगळी सर्व्हिस साइड पोस्टिंगलाच गेली की!"

उस्ताद हसला. त्याला सवय असावी. मला मात्र तो पेढा गोड लागला नाही. (पुतण्या हा लेख वाचणार आहे. वाच बाबा, आणि पुढच्या वेळी आलास की भांड.)

'साइड पोस्टिंग' हा शब्द त्याचा एकट्याचा नाही. तो खात्यातलाच आहे, आणि आपण सगळ्यांनी तो तिथून उचलला आहे. पोलीस म्हणजे ठाणे, गाडी, रुबाब. आणि त्या पोलिसाला पोलीस बनवणारा माणूस म्हणजे अडगळ! पस्तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल ते सांगायला नको. पण आजचा मुद्दा माझ्या मास्तरकीच्या अभिमानाचा नाही. मुद्दा जिवाचा आहे. कमरेला भरलेले पिस्तूल लावून जो पोलीस बाजारातून, देवळाच्या रांगेतून, आपल्या नातवंडांच्या शेजारून चालतो, त्याला ते कुणी आणि कसे शिकवले, हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

मला बंदुकीतले काय कळते, असे कुणी विचारील. फार नाही. शाळेत काही वर्षे मी एन.सी.सी.चे काम बघत होतो. वर्षातून एकदा मुलांना चांदमारीला न्यायचो. चांदमारी म्हणजे नेमबाजीचे मैदान. .२२ ची रायफल, पंचवीस यार्डांवर निशाण आणि प्रत्येकाला पाच काडतुसे. १९८४ साली अशाच एका सकाळी नववीतला एक मुलगा गोळ्या मारता मारता रायफलीसकट उठला, आणि "सर, माझं झालं का?" असे विचारत मागे वळला. रायफलीची नळी मागे रांगेत बसलेल्या तीसेक मुलांवरून फिरली. मी बघतच राहिलो. पाय जमिनीला खिळले म्हणतात ना, तसे. बटालियनकडून आलेले हवालदार मात्र दोन ढांगांत पुढे झाले, एका हाताने नळी धरून जमिनीकडे दाबली आणि बोल्ट उघडला. आतून एक काडतूस बाहेर पडले. जिवंत! पोराने चारच मारल्या होत्या. पाचवी भरली आणि मोजायला विसरला.

हवालदार ओरडले नाहीत. त्यांनी ते काडतूस पोराच्या तळहातावर ठेवले, मूठ मिटायला लावली आणि पुन्हा झोपून, पुन्हा भरून, नीट मारायला लावले. तो पोरगा म्हणजेच हा उस्ताद. "सर, त्या दिवशी त्यांनी मला थोबाडीत मारली असती ना, तर मी आयुष्यात पुन्हा रायफल धरली नसती," असे तो परवाही म्हणाला. आणि मी? मी घरी येऊन दोन दिवस नीट जेवलो नाही. शिकवणारा अनुभवी होता म्हणून त्या दिवशी तीस आयांच्या घरी दिवा लागला. नुसता माझ्यासारखा 'इन-चार्ज' असता तर काय झाले असते, हा विचार आजही नको वाटतो.

आता हा अनुभवी माणूस नेमके करतो काय? निशाण दाखवायचे आणि मार म्हणायचे, एवढेच ना? मीही तसेच समजत होतो. उस्तादाने दोन तास समजावून सांगितले, आणि खोटे कशाला बोलू, मला स्वतःच्या अध्यापनाची थोडी लाज वाटली.

तो म्हणाला, सुरुवातीला मी गोळी देतच नाही. रिकामी रायफल. नळीवर एक नाणे ठेवायचे आणि चाप असा ओढायचा की नाणे पडता कामा नये. शंभर वेळा, दोनशे वेळा. पोरे कंटाळतात. पण बोट सरळ मागे येते की हिसका देते, हे नाणे सांगते. मग पाच गोळ्या. त्या मध्यभागी लागल्या की नाही हे तो बघत नाही. त्या एकमेकींच्या जवळ पडल्या का, हे बघतो. पाचही गोळ्या डाव्या कोपऱ्यात पण एका वाटीएवढ्या जागेत असतील, तर तो पोरगा चांगला आहे. त्याचा हात ठरलेला आहे, माशी तेवढी सरकवायची. (माशी म्हणजे नळीच्या टोकावरची, नेम धरायची खूण.) आणि एक गोळी मध्यभागी, बाकीच्या चार दिशांना चार, अशा पोराला टाळ्या मिळतात, पण त्याला अजून काहीच येत नाही! मंडळी, एकच चूक पुन्हा पुन्हा करणारा विद्यार्थी शिकवता येतो, हे मला समजायला नोकरीची पंधरा वर्षे लागली होती.

मग तो पोरांना न सांगता खऱ्या काडतुसांत एखादे नकली मिसळतो. पोरगा चाप ओढतो, आवाज होत नाही, धक्का बसत नाही. पण नळी मात्र झटकन खाली जाते. म्हणजे हा धक्का बसायच्या आधीच घाबरतो आहे. भीती अशी उघडी पडते. मग त्या भीतीवर काम करायचे, पोरावर नव्हे. एका मुलीला आधीचा शिक्षक रोज 'आंधळी' म्हणायचा. उस्तादाने तिला लांबच्या खांबाकडे बोट रोखायला लावले आणि एकेक डोळा मिटायला लावला. ती उजव्या हाताची, पण तिचा जोरकस डोळा डावा. नेम एका डोळ्याने, रायफल दुसऱ्या खांद्याला! खांदा बदलला, आठ दिवसांत गोळ्या जागेवर पडू लागल्या. हे पुस्तकात लिहिलेले असतेच. पण समोरच्या चाळीस जणांत ते कुणाला लागू आहे, हे ओळखणारा डोळा पुस्तकात मिळत नाही. तो उन्हातान्हात चांदमारीवर उभे राहूनच येतो.

आता आपण काय करतो ते बघा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन जण एके-४७ घेऊन शिरले. पन्नासहून अधिक माणसे तिथे मारली गेली. पोलिसांकडे काय होते? लाठ्या, आणि ज्यांची मूळ रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, अशा .३०३ रायफली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या लाठीनिशी जाऊन कसाबची बंदूक धरली आणि प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, आपण हात जोडले. जोडायलाच हवेत. पण हात जोडून झाल्यावर एक प्रश्न विचारायला हवा होता: एका माणसाला दुसऱ्यांच्या तयारीची किंमत आपल्या छातीने का मोजावी लागली?

सगळे म्हणाले, जुन्या रायफली, दुसरे काय होणार! नवीन हत्यारे आणा. खरे आहे, आणायलाच हवीत. पण त्याच स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाचे हेड कॉन्स्टेबल झिल्लू यादव यांनी त्याच जुन्या .३०३ ने दहशतवाद्यांवर गोळ्या झाडल्या. रायफल तीच, हात वेगळा. पुढे माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची समिती बसली. त्या समितीपुढे जे आले त्यात एक गोष्ट अशी, की काडतुसांच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा गोळीबाराचा सरावच बंद पडलेला होता. ही ओळ वर्तमानपत्रांत आली आणि विसरली गेली. नव्या हत्यारांचे मात्र फोटो छापून आले. हत्याराच्या खरेदीचा फोटो काढता येतो, हो! नळीवर नाणे ठेवून बसलेल्या पोराचा कोण काढणार?

डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खलीलाबाद ठाण्यात वरिष्ठांची तपासणी चालू असताना एका उपनिरीक्षकाने गोळी बंदुकीच्या नळीच्या तोंडातून आत टाकली. ते चित्रण देशभर फिरले. आमच्या कुटुंबाच्या गटावरही तीनदा आले, खाली हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा. मी नाही हसलो. वर्गात एखाद्या पोराला बाराखडी येत नसेल तर मी आधी त्याचा आधीचा मास्तर कोण, हे विचारतो. त्या उपनिरीक्षकाच्या हातात सरकारने हत्यार दिले, त्याआधी त्याला कुणीतरी पास केलेच असणार ना? त्या सहीबद्दल कुणी विचारले?

आणि बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०२३ मध्ये, अलीगढला एक बाई पासपोर्टच्या कामासाठी पोलीस ठाण्यात गेली होती. समोर उभ्या उपनिरीक्षकाच्या हातातले पिस्तूल उडाले. गोळी तिच्या डोक्यात लागली. ती वाचली नाही. तिथे दहशतवादी नव्हता, चकमक नव्हती, दंगल नव्हती. एक नागरिक टेबलापुढे उभी होती, इतकेच. हत्यार हातात आले की आधी उघडून बघायचे, नळी माणसाकडे करायची नाही, नेम धरेपर्यंत चापावर बोट ठेवायचे नाही. नववीतल्या पोराला जे शिकवतात, तेवढे जरी हाडात मुरले असते तर ती बाई त्या दिवशी कागद घेऊन घरी गेली असती. आता सांगा, यातले कुठले शिक्षण 'साइड'चे?

आपण सोफ्यावर बसून बातम्या बघणारेही कमी नाही. "पायावर का नाही मारली गोळी?" हा प्रश्न आमच्या घरात दर वेळी निघतो. सिनेमे बघून आपली अशी समजूत झाली आहे. अमेरिकेतल्या रँड संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पोलिसांना वर्षातून दोनदा चाचणी द्यावी लागते, त्यांच्यासुद्धा समोरून गोळ्या येत असताना शंभरातल्या साधारण अठराच लागल्या. बाकीच्या ब्याऐंशी? भिंतीत, मोटारीत, रस्त्यात. कुणाच्या तरी खिडकीत. छाती धडधडत असताना, हात थरथरत असताना हलत्या पायावर नेम धरणे म्हणजे काय, हे उस्तादाला विचारा. म्हणूनच तो पोरांना सर्वांत जास्त वेळ शिकवायचा तो गोळी न मारण्याचा धडा. मागे कोण उभे आहे? हाक दिली का? आडोसा आहे का? थांबता येईल का? संयुक्त राष्ट्रांच्या १९९० सालच्या हवाना परिषदेत पोलिसांच्या शस्त्रवापराची तत्त्वे ठरली. खास प्रशिक्षण पुरे केल्यावरच शस्त्र बाळगू द्यावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. याचा सरळ अर्थ असा की शस्त्राची किल्ली शिक्षकाच्या हातात हवी.

आता पुतण्याचे आक्षेप. (तो गेला तेव्हा ते सांगूनच गेला.)

पहिला: "काका, आता पडद्यावर सराव करायची यंत्रे आली. उस्ताद कशाला?" यंत्र चांगले आहे. काडतुसे वाचतात, प्रसंग उभे करता येतात. पण यंत्र एवढेच सांगते की नेम चुकला. का चुकला, हे पोराच्या खांद्याला हात लावून कोण सांगणार? शाळेत संगणक आले तेव्हाही असेच म्हणत होते. संगणक आले, मास्तर कमी झाले आणि पोरांची बेरीज कुठे आहे ते आपण बघतोच आहोत.

दुसरा: "हुशार माणसे ठाण्यात हवीत, शिकवायला कशाला अडकवायची?" हिशेब कर बाबा. हुशार माणूस ठाण्यात गेला तर एक ठाणे सुधारेल, तेही त्याची बदली होईपर्यंत. तोच चाळीसची एक तुकडी दर वर्षी शिकवत वीस वर्षे राहिला, तर आठशे जण त्याच्या हाताखालून जातात. पोलिसांना शाळा हवी हे इंग्रजांनाही उमगले होते. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, शाळा काढली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला नेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. पुढे स्वतंत्र भारताने प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली, तिचा अहवाल १९७३ मध्ये आला. पन्नास वर्षे उलटली. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट' वाचा, देशभरात पोलिसांवरच्या खर्चापैकी प्रशिक्षणाच्या वाट्याला दीड टक्काही येत नाही. शंभर रुपयांत दीड रुपयासुद्धा नाही!

एक बाजू मात्र मलाही मान्य करायला हवी. अनुभवी म्हणजे नुसता जुना नव्हे. 'आंधळी' म्हणणाराही जुनाच होता. जिथे नको असलेली माणसे शिक्षा म्हणून पाठवली जातात, तिथे ती शिक्षा पुढे पोरांनाच भोगावी लागते. म्हणून तर म्हणतो, शिकवायला निवडून माणसे घ्या. टाकून दिलेली नकोत.

निघताना उस्ताद जरा घुटमळला. म्हणाला, "सर, एक गोष्ट कुणाला सांगितली नाही." एकदा उजळणीसाठी आलेल्या एका पोलिसाला त्याने नापास केले होते. माणूस वाईट नव्हता. पण हत्यार हातात घेतले की बोट चापावर, आणि कितीही सांगा, तेच. तीन वेळा केले, तीन वेळा नापास. वरून निरोप आला, यादी आजच पाठवायची आहे, पुरी करा. उस्तादाने दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी सही केली. "पुढे काही झालं नाही, सर. देवाची कृपा. पण कुठे पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी सुटल्याची बातमी आली की मी आधी नाव बघतो."

मी त्याला काय सांगणार? मीही निकालाच्या टक्केवारीसाठी गुण वाढवून सह्या केल्या आहेत. पण माझी सही फार तर एखाद्या पोराला चुकीच्या वर्गात बसवते. त्याची सही भरलेले पिस्तूल रस्त्यावर आणते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. हत्यार शिकवणाऱ्याचे 'नाही' हे अखेरचे मानले जावे. त्याने नापास केलेल्या माणसाला, मग तो शिपाई असो की साहेब, पुन्हा शिकून पास होईपर्यंत हत्यार मिळता कामा नये. ते 'नाही' वरून कुणी बदललेच, तर बदलणाऱ्याने स्वतःचे नाव कागदावर घालावे. प्रत्येक सशस्त्र पोलिसाने वर्षात किती काडतुसे सरावात उडवली, ती संख्या दर वर्षी जाहीर व्हावी. त्यात गुप्त ठेवण्यासारखे काय आहे? आणि शिकवायला जाणाऱ्याची बढती, पगार, मान ठाण्यातल्या माणसापेक्षा तसूभरही कमी नसावा. नेमबाज स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक पदक मिळवले, तेव्हा त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांनाही त्या वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. योग्यच झाले. कागदाच्या निशाणावर नेम धरायला शिकवणाऱ्याचा मोठेपणा आपल्याला कळतो. मग जिथे निशाणाच्या मागे जिवंत माणसे असतात, तिथे शिकवणारा 'साइड'ला कसा?

उस्ताद आता गावी शेती बघणार आहे. वीस वर्षांत जमवलेले त्याचे सगळे ज्ञान एका पिशवीत पेढ्यांच्या रिकाम्या डब्यासकट गेले. खात्याने त्याला "अधूनमधून येऊन पोरांना शिकवा" असे म्हटले का, म्हणून मी विचारले. तो पुन्हा तसाच हसला.

पुतण्या, दिवाळीला तू येशील तेव्हा मी त्यालाही बोलावणार आहे. नळीवरचे नाणे तू स्वतः ठेवून बघ. मग साइड कुठली ते ठरवू.

बाकी मंडळींनीही काय वाटते ते जरूर कळवा. रागावलात तरी चालेल.